वाढत्या अंगाचा बोर्ड

फेमार्नहून परत आल्यापासून दक्षिण जर्मनीतल्या नेकारसुल्ममधली आमची मराठी मंडळी मला दोनच प्रश्न विचारतात. पहिला, तिथे बघण्यासारखं काय आहे? दुसरा, ह्या वयात हे काय नवीन काढलंस? पहिल्याचं उत्तर सोपं आहे: काही नाही. जर्मनीच्या उत्तर टोकाला, बाल्टिक समुद्रात, एक सपाट बेट आहे. डोंगर नाही, किल्ला नाही, ग्रुपवर फोटो टाकावा असा राजवाडा नाही. कापणी झालेली शेतं, लाल विटांची घरं आणि वारा. तोही असा की बोलताना निम्मं वाक्य समोरच्याला पोचतं आणि निम्मं डेन्मार्कला जातं.

दुसऱ्याचं उत्तर लांबलचक आहे, म्हणून हे लिहायला बसले.

मी विंडसर्फिंग करते. पाण्यावर तरंगणारा एक बोर्ड, त्यावर उभं केलेलं शीड, आणि ते शीड दोन्ही हातांनी धरून उभी मी. ब्रेक नाही, स्टिअरिंग नाही. शिडात वारा भरतो, आपण मागे रेलतो आणि बोर्ड पळतो. ऑफिसातल्या एका मैत्रिणीच्या नादाने आमच्या जवळच्या तळ्यावर शिकले. त्या तळ्याचं पाणी सायीसारखं. तिथे मला आपण फार मोठ्या खेळाडू आहोत असं वाटायचं. गेल्या सप्टेंबरात पहिल्यांदा समुद्रावर, ह्याच फेमार्नला गेले आणि मला रबरी बोटीतून परत आणावं लागलं. बोर्ड मागे दोरीला बांधलेला, मी बोटीत पाय मुडपून बसलेली, आणि किनाऱ्यावरून नवरा हात हलवतोय, जणू मी फेरफटका मारून आले.

तिथली सर्फ-शाळा हाइके नावाची बाई चालवते. साठीकडे झुकलेली, उन्हाने रापलेली, बोलणं मोजकं. दर सप्टेंबरात एका शुक्रवारी ती काही जणांना घेऊन उपसागराच्या तोंडाशी असलेल्या वाळूच्या दांड्याला वळसा घालते आणि पलीकडच्या बंदरापर्यंत जाऊन परत येते. मला त्यात जायचं होतं. तिने सांगितलं की पुढच्या वर्षी ये, गुरुवारी बाहेर खुणेसाठी तरंगत ठेवलेल्या लाल बोयाला वळसा घालून एकटी परत आलीस तर शुक्रवारी चल. बोट पाठवावी लागली तर नाही.

वर्षभर ती बोट माझ्या डोक्यातून गेली नाही. वीस वर्षं मी लोकांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधतेय, घर सांभाळतेय, पाहुणे सांभाळतेय. निव्वळ स्वतःसाठी असं काही मागितल्याचं मला आठवत नाही. हे मागितलं होतं.

श्रीरंग, म्हणजे माझा नवरा श्री, गाड्यांच्या सस्पेन्शनवर काम करतो. गाडी खड्ड्यातून गेली तरी आतल्या माणसाच्या पोटातलं पाणी हलू नये ह्यासाठी त्याला पगार मिळतो. स्वतः तो घोट्याच्या वर पाण्यात जात नाही, कारण त्याला पोहता येत नाही. पण माझ्या पंचेचाळिसाव्या वाढदिवसाला बोर्ड आणि शीड द्यायचं त्याने ठरवलं आणि अख्खा हिवाळा त्यात घातला. बोर्ड लिटरमध्ये मोजतात आणि शीड चौरस मीटरमध्ये, हे कळल्यावर तर त्याला चेवच आला. लिटर जास्त तेवढा बोर्ड जास्त तरंगतो, शीड मोठं तेवढी ताकद जास्त, ही त्याची दोन सूत्रं. शेवटी एकशे पंचेचाळीस लिटरचा पिवळाधमक बोर्ड आणि सव्वासहा मीटरचं शीड घरात आलं. माझं वजन अठ्ठावन्न किलो. त्या बोर्डावर आम्ही दोघं बसून चहा प्यायलो असतो तरी तो बुडला नसता.

शनिवार, पुलावर

प्रवासाचं वर्णन करत नाही. हांबुर्गच्या आधी गाड्यांची जी रांग लागते ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिली नाही ते सुखी आहेत. गाडीच्या टपावर बोर्ड, मागच्या सीटवर बाबा. बाबा म्हणजे माझे सासरे. ते पुण्याहून तीन महिन्यांसाठी आले होते आणि परत जायला थोडेच दिवस उरले होते. जर्मनीत वाटेत काय मिळेल ह्याचा भरवसा नाही, म्हणून थालिपिठाच्या भाजणीचा डबा त्यांनी साडेसातशे किलोमीटर मांडीवर धरला होता.

बेटावर जायला एक उंच पूल आहे. त्याच्या कमानी वर जाऊन एकमेकींत मिसळतात, म्हणून इकडचे लोक त्याला कपड्यांचं हँगर म्हणतात. पुलावर चढल्याबरोबर वाऱ्याने गाडीला कडेने ढकललं. टपावरचे पट्टे गुणगुणायला लागले. श्रीने दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं. मी खाली बघितलं. निळ्या पाण्यावर जिकडे तिकडे पांढरे ठिपके होते.

बाबा म्हणाले, मेंढ्या चरताहेत असं वाटतंय. त्या मेंढ्या म्हणजे वाऱ्याने फुटलेल्या लाटा, हे मला माहीत होतं.

रविवार आणि सोमवार

वारा मात्र रात्रीत पडला, आणि पहिल्या दिवशी माझ्यापुढे वाऱ्यापेक्षा मोठा प्रश्न होता. तो म्हणजे वेटसूट.

इकडे सर्फर मंडळी गाडीतळावरच कपडे बदलतात. अंगाभोवती टॉवेल गुंडाळायचा, खालून एक काढायचं, दुसरं चढवायचं, मध्येच शेजारच्याला हवामान विचारायचं. कोणी बघत नाही आणि कोणी बघत नाही ह्याचंही कोणाला काही वाटत नाही. मला एरवी त्याची सवय झाली आहे. पण अंगाला चिकटलेल्या काळ्या रबरात सासऱ्यांसमोरून चालत जायचं ही गोष्ट निराळी. पुण्याच्या घरी दाराची बेल वाजली तरी मी गाउनवर ओढणी घेते. मी वेटसूटवर गुडघ्यापर्यंतचा कुर्ता चढवला आणि पाण्याच्या कडेपर्यंत तशीच गेले. एका जर्मन आजींनी कुर्त्याचं मनापासून कौतुक केलं.

बाबांनीही आपली वाट काढली. इथल्या किनाऱ्यावर वेताच्या, छपराच्या दोन माणसांच्या खुर्च्या भाड्याने मिळतात. श्ट्रांडकोर्ब म्हणतात त्यांना. वारा लागू नये म्हणून लोक त्यांची पाठ वाऱ्याकडे करतात. बाबांनी आपल्या खुर्चीची पाठ समुद्राकडे केली. त्या दिवशी वारा दुसरीकडून येत होता. "वारा फार आहे गं," ते म्हणाले, आणि वर्तमानपत्र उघडून गाडीतळाकडे तोंड करून बसले. आम्ही दोघांनीही त्यावर काही चर्चा केली नाही.

श्रीने शीड उभं केलं तेव्हा हाइके आली. माझं वजन विचारलं. बोर्डाकडे, शिडाकडे, मग पट्टे तपासणाऱ्या श्रीकडे बघितलं. "आल्झो," म्हणजे तर मग, ती म्हणाली, आज हरकत नाही, वारा कमी आहे. आणि गेली. त्यातला 'आज' मी ऐकला होता. पण ते दोन दिवस बोर्ड राजासारखा चालला. मंद वाऱ्यात एवढं मोठं शीड हळूहळू भरायचं, बोर्ड जराही डगमगायचा नाही, मी उभ्या उभ्या किनाऱ्यावर हात हलवायची. श्री व्हिडिओ काढत होता. संध्याकाळी त्याने भाड्याच्या घरात स्वतः कांदा चिरला, जे तो फार खूश असला तरच करतो.

मंगळवार

मंगळवारी सकाळी हाइकेच्या शाळेवरचा झेंडा ताठ उभा होता. वारा जमिनीकडून समुद्राकडे. किनाऱ्यावर लोक शिडं जोडत होते आणि ती सगळी शिडं लहान होती. माझं शीड त्यांच्यात लग्नाच्या मांडवासारखं दिसत होतं.

आज हे मोठं होईल का रे, असं मी श्रीला हळूच विचारलं. त्याने उलट मला समजावलं, की पाणी खराब असतानाच मोठा बोर्ड हवा, तो स्थिर राहतो, फॅक्टर ऑफ सेफ्टी दोनच्या वर आहे. बाबांनी खुर्चीतून मान बाहेर काढून दुजोरा दिला. श्रीरंगचा शाळेचा गणवेश ते नेहमी वाढत्या अंगाचा घ्यायचे, दोन वर्षं बघायला लागत नसे. वस्तू थोडी मोठी असलेली बरी, असं त्यांचं म्हणणं.

मला तिथेच बोलता आलं असतं. पण ज्या माणसाने हिवाळाभर माझ्यासाठी डोकं चालवलं, त्याला त्याच्या वडिलांसमोर चूक म्हणायचं माझ्या जिवावर आलं. शिवाय ती भेट होती. आमच्याकडे भेट मिळालेली साडी आवडली नाही तरी निदान एकदा नेसून दाखवतात. मी बोर्ड पाण्यात ढकलला.

उथळ पाण्यात बरं चाललं होतं. मग तळ दिसेनासा झाला आणि लाटा सुरू झाल्या. कोकणातल्या लाटा लांबून येतात, त्यांची वाट बघता येते. ह्या आखूड, उभ्या, एकीच्या पाठीवर दुसरी, आणि सगळ्या एका दिशेनेही येत नाहीत. अशा पाण्याला हाइके काबलिश म्हणते. बोर्ड रुंद आणि तळाशी सपाट, त्यामुळे तो प्रत्येक लाटेवर थाडकन आपटायला लागला. ते आपटणं गुडघ्यांतून दातांपर्यंत पोचत होतं. शिडात वारा इतका भरला की ते माझ्या हातात नव्हतं, मी त्याच्या हातात होते. सैल सोडलं की बोर्ड थांबून डुचमळायचा, ओढलं की त्याचं नाक वर व्हायचं आणि वारा पोटाखाली शिरायचा. परत फिरावं म्हणून मी मागचा पाय दाबला. काही झालं नाही. पुन्हा दाबला. तो बोर्ड माझ्या अठ्ठावन्न किलोंची दखलच घेत नव्हता.

मग एका लाटेत नाक खुपसून तो थांबला, आणि मी थांबले नाही.

वर आले तर डोक्यावर आकाश नव्हतं, शीड होतं. पारदर्शक प्लास्टिकमागे पिवळट उजेड आणि तोंडात पाणी. बाल्टिकचं पाणी फारसं खारट नसतं, हे मला त्या वेळी कळलं. हातांनी शीड ढकलत कड शोधली, बोर्डावर चढले, दोरी धरून शीड उभं करायला लागले. एवढ्या मोठ्या शिडावर पाणी साचतं, ते उचलता उचलता पाठ मोडते. अर्ध्यावर आलं की खालून लाट बोर्डाला धक्का द्यायची आणि मी पुन्हा पाण्यात. तीन-चारदा तेच झालं. हातांत त्राण उरलं नाही. मग मी किनाऱ्याकडे बघितलं. बाबांची खुर्ची कुठली ते ओळखू येत नव्हतं.

हात वर केला की बोट येते. मला ते करायचं नव्हतं, ते करावं लागू नये म्हणूनच वर्षभर खपले होते. तरी मी हात वर केला. बोट उपसागराच्या दुसऱ्या टोकाला दोघा जणांना काढत होती. तिने मला पाहिलं नाही. मी दोन्ही हात हलवले, ओरडले. वारा माझा आवाज पाठीमागे, समुद्राकडे घेऊन गेला.

त्या क्षणी मला खरी भीती वाटली. डावीकडे वाळूच्या दांड्याचं टोक दिसत होतं. तिथवर पोचले तर ठीक, चुकले तर पुढे मोकळा समुद्र. मी शीड बोर्डाच्या मागच्या टोकावर ओढून घेतलं, पोटावर आडवी झाले आणि हातांनी वल्हवायला लागले. वाऱ्याशी भांडायचं नाही, फक्त आडवं जायचं, एवढंच मनाशी घोकत होते. दांड्याचं टोक जवळ येत होतं आणि त्याच वेळी बाजूला सरकत होतं. शेवटी तर मी डोळे मिटूनच हात मारले. बोर्डाखाली वाळू घासली तेव्हा मला तो आवाज कसला हे आधी कळलंच नाही.

मी वाळूवर गुडघे टेकून खोकत होते. समोर तिपाईवरची दुर्बीण घेतलेले एक वयस्क गृहस्थ उभे होते. त्यांनी मला सांगितलं की हे पक्ष्यांचं राखीव क्षेत्र आहे आणि इथे पाय ठेवायला मनाई आहे. मी म्हटलं, मी बुडत होते. ते म्हणाले, हो, ते दिसलं मला, मी शाळेला फोनही केला आहे. पण कृपया पाण्यातून चाला, पाण्यात मनाई नाही. मग थर्मासमधून झाकणभर गरम चहा ओतून त्यांनी तो वाळूच्या कडेपर्यंत आणून दिला. मी गुडघाभर पाण्यात उभी राहून चहा प्यायले. तेरा वर्षं ह्या देशात राहते आहे, पण त्याची एवढी चीड आणि एवढं प्रेम एकदम कधी आलं नव्हतं.

दांड्याच्या आतल्या बाजूने बोर्ड ओढत चालले. फोन मिळाल्यावर हाइके बोट घेऊन आली, मी चालतेय हे बघून तिने लांबूनच अंगठा वर केला आणि मी हो म्हटल्यावर परत वळली. अर्ध्या वाटेवर समोरून कोणीतरी पाण्यातून येताना दिसलं. श्री होता. कमरेइतक्या पाण्यात, बूट घातलेले, चष्म्यावर पाणी. दर पावलाला तो आधी पायाने तळ चाचपत होता.

"मला वाटलं, मोठा असला की तू बुडणार नाहीस," तो म्हणाला.

"बोर्ड बुडला नाही, श्री. पण त्याने माझं ऐकलंही नाही."

त्याने बोर्डाचं दुसरं टोक धरलं. मग त्याने विचारलं, सकाळीच का नाही सांगितलंस. बाबा होते म्हणून, मी म्हटलं. तो थांबला, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा चालायला लागला.

संध्याकाळी मेतकूट-भात केला. बाबा ताटातलं संपवून उठले आणि जाता जाता माझ्या डोक्यावर हात ठेवून गेले. लग्नात नमस्कार केला होता तेव्हा ठेवला होता, त्यानंतर आत्ताच.

बुधवार, हाइकेची शेड

सकाळी मी श्रीला सांगितलं की मी दुसरा बोर्ड भाड्याने घेणार आहे. तो फक्त म्हणाला, मी येऊ का?

हाइकेच्या शेडमध्ये ओल्या रबराचा आणि कॉफीचा वास असतो. तिने एक लहानखुरा बोर्ड काढला, पंच्याऐंशी लिटरचा. टोकं निमुळती, कडा गोल, तळाचं पातं हातभरसुद्धा नाही. असला बोर्ड लाटेवर आपटत नाही, कापत जातो, ती म्हणाली. मी त्याला हात लावून बघितला आणि नको म्हटलं. मी पडणार हे नक्की आहे. पडल्यावर बोर्डावर उभं राहून शीड ओढायचं आहे, आणि हा माझ्यासकट घोट्यापर्यंत पाण्यात जाईल. हाइकेने मान डोलावली, तो ठेवला आणि पंच्याण्णव लिटरचा काढला.

श्री दोन्ही बोर्डांचे तळ बोटांनी चाचपत होता. नंतर तो हळूच, जणू स्वतःशीच म्हणाला, "खराब रस्त्यावर आपण रुंद, टणक टायर लावत नाही. मला हे कळायला हवं होतं." हाइकेला त्याने ते जर्मनमधून सांगितलं. "गेनाऊ," अगदी बरोबर, ती म्हणाली. पुढचा अर्धा तास दोघं असे बोलत होते की बोर्ड त्यांनाच चालवायचा आहे.

शीड मात्र मी चुकीचं घेतलं. कालची भीती अंगातून गेली नव्हती. हाइके पावणेपाच मीटरचं काढत होती, मी हट्टाने त्याहून लहान, सव्वाचारचं मागितलं. तिने वाद घातला नाही. दुपारी उथळ पाण्यात गेले आणि लगेच कळलं. वारा उतरला होता. शिडाला ओढच नव्हती, आणि ओढ नसली की बोर्ड चालत नाही, आणि चालत नसला की प्रत्येक लाट येऊन त्याला टपली मारून जाते. दर दोन मिनिटांनी पडत होते. भीतीने घेतलेलं लहान शीड भीतीने घेतलेल्या मोठ्या बोर्डाइतकंच निकामी होतं. ही गोष्ट मी श्रीला सांगितली. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण कालपासून पहिल्यांदाच थोडा उतरला.

पावणेपाचचं शीड त्यानेच जोडलं. हाइकेने त्याला दाखवलं की डोलकाठीकडची दोरी खाली ओढत जायची, शिडाचा वरचा भाग सैल पडेपर्यंत, म्हणजे जोराची झुळूक आली की वरच्या वर निघून जाते. "हे तर डँपर झालं, धक्का गिळणारं," श्री म्हणाला. त्याने ती दोरी तीनदा सोडली आणि तीनदा ओढली.

गुरुवार

वारा पुन्हा मंगळवारइतकाच, फक्त आज किनाऱ्याच्या बाजूने येणारा. मी सकाळी काही खाऊ शकले नाही. बाबांनी थालिपीठ पुढे सरकवलं, मी परत सरकवलं, त्यांनी पुन्हा सरकवलं. शेवटी चतकोर खाल्लं.

किनाऱ्यावर पोचलो तेव्हा बाबांनी श्रीला हाक मारली आणि दोघांनी मिळून ती जड वेताची खुर्ची फिरवली. तोंड समुद्राकडे केलं. वारा बाजूने आत शिरत होता, कानटोपी उडू नये म्हणून बाबांनी ती हाताने धरली होती. मी कुर्ता काढला, घडी करून त्यांच्या शेजारी ठेवला आणि गेले.

लाटा त्याच होत्या. बोर्ड त्यांच्यावर चढत होता, उतरत होता, मध्येच कडेवर होऊन निसटत होता, पण मागचा पाय दाबला की वळत होता. शीड ओढत होतं, तेही मी सोडेन तेवढंच. जिथे मंगळवारी पडले ती जागा मला ओळखू येत होती. तिथून पुढे गेले. लाल बोया जवळ आला. त्याच्यापाशी हाइकेची बोट घुटमळत होती. बोयाला वळसा घालताना शीड एका बाजूने दुसऱ्या बाजूला घ्यायचं असतं आणि पाय बदलायचे असतात. मी पाय बदलले, शीड बदललं, आणि त्याच वेळी एक लाट उलट्या दिशेने आली.

पाण्यातून डोकं वर काढलं तर बोट दहा हातांवर होती. हाइकेचा हात इंजिनावर. ती माझ्याकडे बघत होती. मला फक्त हात वर करायचा होता. मी मान हलवली. नको.

बोर्डावर चढले. गुडघे, मग एक पाऊल, मग दुसरं. बोर्ड माझ्याखाली थोडासा दबला, पण राहिला. दोरी धरून ओढलं. शीड जड होतं, पण एका माणसाला उचलता येईल इतकंच जड होतं. पाणी निथळलं, शीड फडफडलं. मी शिडाची आडवी दांडी, बूम, पकडली आणि वारा आत घेतला.

परतीचं मला फारसं आठवत नाही. बोर्डाखाली तळ दिसायला लागला तेव्हा मी उतरले आणि कमरेइतक्या पाण्यात तशीच उभी राहून रडले. चेहरा ओलाच होता, त्यामुळे कोणाला कळलं नसावं. हाइके बोट ओढत बाजूने गेली.

"आल्झो," ती म्हणाली. "उद्या नऊला."

शुक्रवार

दांड्याला वळसा घातला, बंदर गाठलं, तिथल्या टपरीवर पावात घातलेला तळलेला मासा खाल्ला, सगळ्यांबरोबर परत फिरले. हे एवढं सोपं नव्हतं. जाताना दोनदा पडले, एकदा गटाच्या फार मागे राहिले आणि हाइके माझ्यासाठी थांबली. पण ते सगळं मी बोर्डावर उभी राहून केलं. दांड्यावरचे पक्षीवाले गृहस्थ दुर्बीण घेऊन उभे होते. मी मुद्दाम लांबून गेले.

उपसागरात शिरले आणि लांबवर, किनाऱ्याजवळच्या पाण्यात, काहीतरी पिवळं दिसलं. माझा वाढदिवसाचा मोठा बोर्ड. त्यावर शीड नव्हतं. मंगळवारचीच भीती परत आली, फक्त ह्या वेळी ती माझ्यासाठी नव्हती. ज्याला पोहता येत नाही तो माणूस किनाऱ्यावर असायला हवा होता. मी शीड घट्ट ओढलं आणि सरळ तिकडे निघाले. आठवडाभरात इतक्या वेगाने मी एकदाही गेले नव्हते, आणि लाटांकडे माझं लक्षही नव्हतं.

जवळ गेल्यावर दिसलं. श्री बोर्डावर उभा होता. शाळेचं नारिंगी लाइफ जॅकेट, गुडघे वाकलेले, दोन्ही हात पसरलेले, नजर पायांकडे. मागे बाबा, पँट गुडघ्यांच्या वर दुमडलेली आणि तरी पूर्ण भिजलेली, कानटोपी घालून, बोर्डाचं मागचं टोक दोन्ही हातांनी धरून उभे. मी शीड पाण्यात टाकलं आणि उतरले. मला बघून बाबांनी मान वर केली. चेहऱ्यावर संकोच नव्हता, विजय होता.

"मी म्हणत होतो ना," ते म्हणाले, "वाढत्या अंगाचा घ्यावा."

"बाबा, बोलू नका. पडेन," श्री पायांकडे बघतच म्हणाला, आणि पडला.

पाणी कमरेइतकंच होतं. मी दोन पावलं पुढे गेले आणि थांबले. तो उठला, नाकातोंडातलं पाणी काढलं, चष्मा जागेवर आहे का चाचपलं आणि बोर्डावर पुन्हा गुडघा टेकवला. त्याने हात वर केला नव्हता, म्हणून मी पुढे गेले नाही.